सिव्हिलची पदवी झाली, आता पुढे काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



चूल पेटवता पेटवता रेडिओ लावलेल्या ताया, काकू, आज्या, आणि शेजारी वही घेऊन बसलेल्या मुली, तुम्हा सगळ्यांना बचत गटांच्या समन्वयकांकडून नमस्कार. एरवी आम्ही इथे कर्जाचे हप्ते, शेळीपालन, मसाल्याचा धंदा, अंगातलं रक्त कमी असणं अशा गोष्टींवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तोही गटाच्या बैठकीतूनच आलेला आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी झालेल्या मुलीनं पुढे बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक. करावं का? त्यात शिकवतात काय, खर्च किती, आणि शेवटी हाती काय लागतं?

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेल्या. डिप्लोमा झाला, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला लागल्या. पदवीचा कागद घरी आला की चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं नोकरी बघ, कुणी स्थळ आणतं. आणि मुलगी म्हणाली की मला अजून दोन वर्षं शिकायचंय, साइट कशी चालवायची ते शिकायचंय, की सगळे एकमेकांकडे बघतात. साइट तर गवंडी चालवतो, मुकादम चालवतो. त्याला कॉलेज कशाला?

त्याचं उत्तर आपण आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून शोधू. घरकुलावरून.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांची मूळ मदत ठरलेली आहे आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. पैसे एकदम मिळत नाहीत. काम जसं वर येतं तसा हप्ता येतो. आता आठवा, आपल्यापैकी कितीजणींची घरकुलं जोत्यावर अडकली? सिमेंट आणलं तेव्हा वाळू नव्हती. वाळू आली तेव्हा गवंडी दुसऱ्या कामावर गेला. गवंडी आला तेव्हा हप्ता आला नव्हता. सिमेंटची पोती ओल धरून दगड झाली. यात कुणी चोरी केली असं नाही. कोणतं काम कधी, त्याला माल किती, माणसं किती, पैसा कोणत्या दिवशी लागणार, हे आधी मांडलेलं नव्हतं.

हीच मांडणी एम.टेक.ला शिकवतात. फक्त तिथे घर दोन खोल्यांचं नसतं. वीस मजल्यांची इमारत असते, नाहीतर धरणाचा कालवा, नाहीतर नदीवरचा पूल असतो.

एक साधं गणित करून बघू. समजा पाया खणायला ३ दिवस, पायाचं बांधकाम ७ दिवस, जोतं भरून घ्यायला ५ दिवस. झाले १५ दिवस. सोळाव्या दिवशी भिंत सुरू करायची तर दाराची चौकट हाताशी हवी. सुतार म्हणतो, मला १० दिवस लागतात. पहिल्या दिवशी चौकट सांगितली तर ती दहाव्या दिवशी तयार होते, म्हणजे आपल्याकडे ५ दिवसांची सवड राहते. पण आठव्या दिवशी सकाळी सांगितली तर सतराव्या दिवसाच्या संध्याकाळी मिळेल. गवंडी आणि बिगारी दोन दिवस बसून राहतील, हजेरी मात्र द्यावीच लागेल.

ज्या कामांना अजिबात सवड नाही, ज्यातलं एक लांबलं की सगळं घर लांबतं, त्या कामांच्या ओळीला इंजिनिअर लोक क्रिटिकल पाथ म्हणतात. सणाच्या दिवशी आपण काय करतो? आधी डाळ शिजायला ठेवतो आणि मग कणीक मळायला घेतो, कारण डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही आणि पुरणाशिवाय पोळी नाही. कोशिंबीर मागेपुढे झाली तर चालते. डोकं तेच आहे. पण कामं दोन हजार असली आणि रोजची हजेरी लाखांत असली तर हे डोक्यात मावत नाही. त्यासाठी मुलींना पद्धत शिकवतात आणि एमएस प्रोजेक्ट, प्रायमावेरा अशी संगणकावरची साधनं वापरायला शिकवतात.

दुसरा मोठा भाग कामाच्या दर्जाचा. काँक्रीटचा एम २० हा शब्द तुम्ही ठेकेदाराच्या तोंडून ऐकला असेल. त्यातल्या वीसचा अर्थ असा: ते काँक्रीट १५ सेंटिमीटर लांबी, रुंदी, उंचीच्या ठोकळ्यात भरायचं, २८ दिवस पाण्यात ठेवायचं आणि मग यंत्रात दाबायचं. त्या एवढ्याशा ठोकळ्यानं सुमारे ४५ टनांचा दाब सोसला पाहिजे. सात दिवसांनीही एकदा ठोकळा दाबून बघतात, म्हणजे पुढचा अंदाज येतो. आता मिसळताना काय होतं? काँक्रीट पसरायला सोपं जावं म्हणून पाण्याची बादली वरून ओततात. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ ते ३० लिटर पाणी पुरतं, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. वरचं पाणी पुढे वाळून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. तिथून ओल शिरते, सळईला गंज चढतो. घर आज उभं राहतं आणि दहा वर्षांनी स्लॅबचे पोपडे निघतात.

तसंच टेकूचं. स्लॅब टाकला की ठेकेदाराला सेंटरिंगच्या फळ्या आणि टेकू दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते. आपल्या देशाच्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस ठेवायला सांगितलं आहे. पाणी मारायचं तेही साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस. आपल्याकडे दुकानात राखमिश्रित सिमेंट बरंच येतं. पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असेल तर ते राखमिश्रित, म्हणजे सबुरी जास्त हवी. हे पदवीलाही शिकवतात. पण शंभर मजूर, तीन ठेकेदार आणि मालकाची घाई यांच्या मधोमध उभं राहून ते करून कसं घ्यायचं, कागदावर नोंद कशी ठेवायची, नाही कसं म्हणायचं, हा पुढच्या दोन वर्षांचा अभ्यास.

तिसरा भाग माणसांचा. तो आपल्याला सगळ्यात जवळचा आहे, कारण आपल्या तालुक्यातल्या कितीतरी बाया दुष्काळात शहराकडे बांधकामावर गेल्या. त्यांनी घमेलं वाहिलं, विटा चढवल्या, बाळाला वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत टाकलं. गडी बिगारी म्हणून लागला तर काही वर्षांत गवंडी होतो, फिटर होतो. बाई मात्र वीस वर्षांनीही बिगारीच राहते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात ५० हून जास्त स्त्री कामगार असतील तिथे लहान मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं होतं. बांधकाम खर्चावर उपकर घेऊन कामगार कल्याण मंडळं चालवायची व्यवस्थाही त्याच काळात आली. पिण्याचं पाणी, संडास, उंचावर काम करताना पट्टा, साधारण दीड मीटरहून खोल चर असेल तर माती ढासळू नये म्हणून आधार, हे सगळं साइट चालवणाऱ्याची जबाबदारी असतं. बांधकाम व्यवस्थापनाच्या अभ्यासात सुरक्षा आणि कामगार कायदे हा विषय असतो. ज्या मुलीच्या आईनं चरात उतरून माती काढली आहे, तिला तो विषय नुसता पाठ करावा लागत नाही.

याशिवाय निविदा आणि करार कसे वाचायचे, मापं घेऊन बिल कसं काढायचं, कोणतं यंत्र भाड्यानं घ्यायचं आणि कोणतं विकत, पैसा कोणत्या महिन्यात येणार आणि जाणार, असे विषय असतात. पहिल्या वर्षी वर्ग आणि प्रयोगशाळा, दुसऱ्या वर्षी मुख्यतः प्रबंध. चार सत्रं, दोन वर्षं.

आता बैठकीतली गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वीची आहे. आमच्या एका गटातल्या ताईंनी ४० हजार रुपये कर्ज मागितलं. कारण सांगितलं, मुलीचं एम.टेक. मुलगी सिव्हिलची पदवीधर. गेट नावाची देशभरातली परीक्षा तिनं दुसऱ्या प्रयत्नात काढली होती आणि शहरातल्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली होती. त्याच महिन्यात मामानं एक चांगलं स्थळही आणलं होतं. मुलाकडच्यांचं म्हणणं होतं, पदवी पुष्कळ झाली, आता थांबा.

बैठकीत बारा जणी होत्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, लग्नाला मागितले असतेस तर लगेच दिले असते. तिचं शिकून झालंय की."

दुसऱ्या म्हणाल्या, "साइटवर शंभर गडी. रात्री स्लॅब टाकायचा निघाला तर एकटी पोरगी काय करणार?"

ताई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काकू, मी सात वर्षं साइटवर होते. शंभर गड्यांत बाई कशी राहते असं मला कुणी विचारलं नाही. घमेलं डोक्यावर असलं की बाई चालते. मग वही हातात घेऊन उभी राहिली तर का चालू नये?"

कुणीच काही बोललं नाही. शेवटी आमच्या हिशोब ठेवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "शेळी घ्यायला पैसे दिले तरी आपण विचारतो, दूध किती, चारा कुठून आणणार. हिलाही विचारू. पोरीला बोलवा."

मुलगी आली आणि फळ्यावर हिशोब मांडला. गेट पात्र होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्ण वेळ एम.टेक. करणाऱ्याला एआयसीटीईकडून महिन्याला १२ हजार ४०० रुपये मिळतात, २४ महिने. म्हणजे दोन वर्षांत २ लाख ९७ हजार ६०० रुपये. पण ते पहिल्या दिवसापासून हातात पडत नाहीत. कागद तपासले जातात, खातं आधारला जोडावं लागतं. तोवर फी, वसतिगृहाची अनामत आणि खानावळ पदरचीच. त्यासाठी ४० हजार हवेत.

फेड कशी करणार? तिनं सांगितलं, स्टायपेंड सुरू झाला की महिन्याला मुद्दल २ हजार आणि वर व्याज. आमच्या गटाचा दर शेकडा १ रुपया महिना. वहिनींनी तिथेच आकडे मोडले. २० महिन्यांत मुद्दल फिटतं, आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर एकूण व्याज ४ हजार २०० रुपये होतं. आठ जणी हो म्हणाल्या, चार जणी नको म्हणाल्या. ठराव झाला.

ते स्थळ गेलं. हे आम्ही लपवत नाही. ताईंना भावकीत अजूनही ऐकून घ्यावं लागतं. कर्ज मात्र वेळेत फिटलं. मुलगी गेलं वर्षभर एका पुलाच्या कामावर नियोजन विभागात आहे. रोज संध्याकाळी किती काम झालं, उद्या किती होणार, काय अडलंय, याचा कागद तिच्या सहीनं जातो. सुरुवातीला साइटवर बायकांसाठी वेगळा संडास नव्हता. तिनं तोंडी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं, मग झाला. तो एकटी इंजिनिअर वापरत नाही, तिथल्या सगळ्या मजूर बायाही वापरतात. गेल्या दिवाळीला घरी आली तेव्हा नको म्हणणाऱ्या चारांपैकी एका काकूंच्या घरकुलाचा स्लॅब बघायला गेली आणि टेकू अजून चार दिवस काढू नका म्हणून सांगून आली. काकूंनी ऐकलं.

बाईनं या कामात काही नवीन चालवलंय असं कुणी म्हणालं तर त्यांना तीन नावं सांगा. केरळच्या पी. के. थ्रेसिया यांनी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून सिव्हिलचं शिक्षण घेतलं आणि १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्यांनी आणि त्यांचे यजमान अनिरुद्ध भगत यांनी पुलाचे सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायची पद्धत काढली. त्यातला पहिला पूल १९७२ साली हिमाचलात स्पितीत उभा राहिला, पुढे अशा पुलांची संख्या दोनशेच्या वर गेली. आणि काश्मीरमधला चिनाब नदीवरचा रेल्वेपूल, नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंच, ज्याचं उद्घाटन ६ जून २०२५ ला झालं, त्याच्या पायाखालचे डोंगर कसे सांभाळायचे यावर जी. माधवी लता यांनी सतरा वर्षं काम केलं. त्या आंध्र प्रदेशातल्या लहान गावात वाढल्या आणि वरंगळला त्यांनी एम.टेक. केलं.

आता कामाची माहिती. कागद-पेन्सिल घ्या, नाहीतर मुलीला लिहून घ्यायला सांगा.

एम.टेक.ला बसायला बी.ई. किंवा बी.टेक. सिव्हिल लागतं, आणि महाराष्ट्रातल्या प्रवेशाला किमान ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. गेट परीक्षा दर वर्षी फेब्रुवारीत होते, अर्ज साधारण आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. पेपर १०० गुणांचा, तीन तासांचा, संगणकावर. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येतो. गुण तीन वर्षं चालतात. मुलींना परीक्षेची फी निम्मी असते. तेव्हा मुलगी तिसऱ्या वर्षाला असेल तर आत्तापासून विचार करायला हरकत नाही.

कॉलेजांपैकी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि आयआयटी मुंबई इथे बांधकाम व्यवस्थापनाचं एम.टेक. आहे. सीओईपीची सुरुवात १८५४ सालची, व्हीजेटीआयची १८८७ सालची. पुण्यातच निकमार आहे. बांधकाम उद्योगानं १९८३ साली काढलेली ती संस्था आज खासगी विद्यापीठ आहे, आणि तिथला खर्च सरकारी कॉलेजपेक्षा बराच जास्त असतो. राज्यातल्या कॉलेजांचे प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतात. आयआयटी आणि एनआयटीचे वेगळे होतात. गेट नसलं तरी राज्यात काही जागा पदवीच्या गुणांवर मिळतात. पण लक्षात ठेवा, गेटशिवाय गेलं तर महिन्याचे १२ हजार ४०० रुपये मिळत नाहीत. एकाच वर्गात दोन मुली शेजारी बसतात, एकीला स्टायपेंड, एकीला नाही. घरच्या हिशोबात हा फरक फार मोठा आहे.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा असतो. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात फीमाफी देण्याचा निर्णय राज्यानं जुलै २०२४ मध्ये घेतला. आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमाला आणि प्रवर्गाला तो लागू आहे का, हे फी भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर यांची तारीख तपासा. हे कागद ऐन वेळी निघत नाहीत.

बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे काही तारण न ठेवता मिळू शकतं, आईवडील सहकर्जदार असतात. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे बँकेत कुणी मोठ्यानं सांगत नाही. तेवढं आपण विचारायचं.

आता एक खरं बोलायचं. हे शिक्षण सगळ्याच सिव्हिलवाल्या मुलींनी करावं असं आमचं म्हणणं नाही. सरकारी कनिष्ठ अभियंता व्हायचं असेल किंवा एमपीएससीची स्थापत्य अभियांत्रिकी सेवा द्यायची असेल तर एम.टेक. लागत नाही. पदवी पुरते, काही पदांना डिप्लोमाही चालतो. काही सरकारी कंपन्या गेटच्या गुणांवर थेट नोकरीला घेतात. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र पदव्युत्तर पदवी लागतेच. मोठ्या कंपनीत नियोजन, करार, दर्जा तपासणी अशा विभागांत जायचं असेल तर तिचा उपयोग होतो.

शेजारच्या गावातली एक मुलगी गेट न देता एका खासगी कॉलेजात गेली. स्टायपेंड नाही, ठोकळे दाबायचं यंत्र बंद, शिकवायला एकच सर. वडिलांनी दोन एकर गहाण ठेवून फी भरली होती. वर्षानं ती सोडून आली आणि आता पदवीवरच एका ठेकेदाराकडे काम करते. काम चांगलं करते. जमीन सोडवायची मात्र अजून राहिलीय. म्हणून आम्ही म्हणतो, कॉलेजचं नाव ऐकून पैसे देऊ नका. जाऊन बघा. विचारा, प्रयोगशाळेत यंत्रं चालू आहेत का. गेल्या वर्षीच्या मुली कुठे लागल्या, त्यांतल्या दोघींशी बोलता येईल का. प्रबंधासाठी प्रत्यक्ष साइट मिळते का. मुलींचं वसतिगृह आवारात आहे का, आणि जागा मिळेल याची लेखी खात्री देता का. ही विचारणा करायला आई गेली तरी चालते. आईला इंग्रजी येत नसलं तरी चालते.

नोकरीच्या वेळचे प्रश्न वेगळे. साइट कुठे आहे, राहायची सोय काय, रात्रीच्या कामाला गाडी आहे का, बायकांचा संडास आहे का. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असं २०१३ चा कायदा सांगतो. समितीत कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावं. बदल्या होतात, ऊन-पाऊस अंगावर घ्यावा लागतो, दिवस बारा तासांचाही होतो. हे मुलीला आधी सांगा. भीती घालायला म्हणून सांगू नका. तयारीनं जाण्यासाठी सांगा.

आणि मैत्रिणींनो, मुलगी शिको न शिको, बांधकाम आपल्या दारात आहेच. घरकुल बऱ्याचदा बाईच्या नावावर येतं. अंगणवाडीची खोली, समाजमंदिर, गटारं, पाण्याची टाकी, ही कामं ग्रामपंचायतीतून होतात आणि आपणच ती वापरतो. गावात सिव्हिल शिकलेली मुलगी असेल तर सुट्टीत तिला गटाच्या बैठकीला बोलवा. काँक्रीटला पाणी किती, टेकू कधी काढायचे, मापं कशी घ्यायची, एवढं तासाभरात तिच्याकडून शिकून घ्या. तिलाही वाटेल की आपल्या शिक्षणाचं गावाला काही पडलंय.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटांतल्या कोणाकोणाच्या मुली डिप्लोमाला, पदवीला, सिव्हिलला आहेत, त्यांची यादी करा. कोण कोणत्या वर्षाला, गेट द्यायचं मनात आहे का, कागद तयार आहेत का, पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाला किती कमी पडेल, हे नावापुढे लिहा. एकट्या आईनं हा निर्णय घरात मांडला तर तिचा आवाज दाबला जातो. गटानं हिशोब मांडून विचारलं तर ऐकावं लागतं. कर्ज द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. मुलीला बोलावून, तिचा हिशोब ऐकून ठरवा, एवढंच आमचं सांगणं.

पुढच्या वेळी आपण उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर काढताना काय काय लागतं ते बोलू. वही जपून ठेवा. नमस्कार.